रक्त गोठण्याचा वेळ घरी मोजताना : कोअ‍ॅगूचेक एक्सएस यंत्राचे परीक्षण

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या व्यक्तीला रक्त गोठण्यास आवर घालणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि त्या गोळीची मात्रा पीटी-आयएनआर या, म्हणजे रक्त गोठण्यास नेहमीच्या साधारण किती पट वेळ लागतो हे सांगणाऱ्या, एका आकड्यावरून ठरते. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी धरण्याची व ती मेंदूकडे वाहून जाण्याची भीती असते. वर गेला तर शरीरात कुठेही रक्तस्राव होण्याची. रोश कंपनीचे कोअ‍ॅगूचेक एक्सएस हे हातात मावणारे यंत्र बोटाच्या टोकातील रक्ताच्या एका थेंबावरून हा आकडा सुमारे मिनिटाभरात देते. आईच्या मायट्रल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) शस्त्रक्रियेनंतर आमच्या घरात ते आले, आणि त्याच्या दीर्घ वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे. यंत्र कसे चालवावे हे माहितीपुस्तिकेत नीट दिलेले आहे. मात्र रक्त गोठण्याच्या लांबलचक प्रक्रियेतील नेमका कोणता भाग हा आकडा दाखवतो आणि कोणता दाखवत नाही, हे घरच्या माणसांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. ते समजले नाही तर इतके महागडे यंत्रही केवळ धास्ती वाढवते. म्हणून या परीक्षणात त्या भागाला मी अधिक जागा देत आहे.

यंत्राचे सारे मर्म त्याच्या पट्टीत आहे. पट्टीच्या आत थ्रोम्बोप्लास्टिन, म्हणजे रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारा पदार्थ, वाळवून ठेवलेला असतो. थेंब आत ओढला गेला की रक्त त्याच्या संपर्कात येते, गोठण्याची साखळी सुरू होते आणि अखेरीस थ्रोम्बिन नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते. पट्टीतच एक लहान पेप्टाइडही, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, असते. थ्रोम्बिन ते तोडते, त्यातून सुटलेल्या रेणूमुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तो जाणवेपर्यंत लागलेल्या वेळेचे गणित करून यंत्र आयएनआर दाखवते. प्रयोगशाळेतील पद्धतीत प्रत्यक्ष गुठळी होण्याची वाट पाहिली जाते. येथे थ्रोम्बिन केव्हा जन्मले एवढेच पाहिले जाते. हा फरक लहान वाटला तरी यंत्राची शक्ती आणि मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात.

ही साखळी ज्या प्रथिनांची बनते त्यांना फॅक्टर म्हणतात व क्रमांकांनी ओळखतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा झाली की अस्तराखालच्या पेशींवर असलेला टिश्यू फॅक्टर, ज्याला तिसरा फॅक्टर म्हणतात, रक्ताला उघडा पडतो. रक्तात फिरणारा सातवा फॅक्टर त्याला येऊन चिकटतो. सातव्याचा अगदी थोडा अंश आधीपासूनच सक्रिय अवस्थेत असतो, त्यामुळे काम लगेच सुरू होते. ही जोडी दहाव्या व नवव्या फॅक्टरला सक्रिय करते. सक्रिय दहावा फॅक्टर पाचव्याला सोबत घेऊन प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसतो, आणि कॅल्शियमच्या साहाय्याने दुसऱ्या फॅक्टरचे, म्हणजे प्रोथ्रोम्बिनचे, थ्रोम्बिनमध्ये रूपांतर करतो. या पहिल्या फेरीत तयार होणारे थ्रोम्बिन इतके थोडे असते की त्याने जखम बंद होणार नाही. त्याचे काम दुधाला लावलेल्या विरजणासारखे आहे. ते प्लेटलेटना जागे करते, पाचव्या, आठव्या व अकराव्या फॅक्टरला कामाला लावते, आणि मग नवव्या व आठव्या फॅक्टरची जोडी दहाव्याची निर्मिती कैक पटींनी वाढवते. त्यानंतर थ्रोम्बिनचा लोंढा येतो, पहिल्या फॅक्टरपासून, म्हणजे फायब्रिनोजेनपासून, फायब्रिनचे धागे तयार होतात, आणि तेरावा फॅक्टर ते धागे एकमेकांना आडवे जोडून गुठळी पक्की करतो.

हे फॅक्टर एकामागून एक कसे सक्रिय होतात याची मांडणी १९६४ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली : इंग्लंडमध्ये मॅक्फार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी. फॅक्टरांना दिलेले क्रमांक शोधांच्या क्रमाने पडत गेले. शरीरातील कामाच्या क्रमाशी त्यांचा संबंध नाही, आणि सहावा फॅक्टर तर यादीतच नाही. अहवाल वाचताना क्रमांकांच्या मागे लागणाऱ्याचा गोंधळ उडतो तो यामुळे.

आता यंत्राकडे परत येऊ. पट्टीत थ्रोम्बोप्लास्टिन, ज्याचा मुख्य घटक टिश्यू फॅक्टरच आहे, भरपूर असल्यामुळे आठव्या-नवव्या फॅक्टरच्या फेरीची गरजच पडत नाही. सातवा, दहावा, पाचवा आणि दुसरा एवढ्यांवरच थ्रोम्बिन तयार होते. त्यामुळे आठवा फॅक्टर कमी असलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णाने या यंत्रावर बोट टोचले तर आकडा अगदी सामान्य येईल. प्लेटलेटची संख्या किंवा त्यांचे काम या आकड्यात उमटत नाही. आमच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी किंवा ॲस्पिरिन प्लेटलेटचे काम मंदावते आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवते, तरी यंत्रावरचा आकडा मर्यादेत दिसू शकतो. आयएनआर ठीक आहे, म्हणून ही गोळी चालेल, असा तर्क घराघरांत केला जातो. यंत्र असा कोणताही परवाना देत नाही. वेदनाशामक घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे लागते, यंत्र घरात असले तरी.

गोळीचे काम कुठे होते हे कळले की आकड्याचे वागणेही कळते. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार फॅक्टर यकृतात तयार होतात, आणि तयार होताना त्यांच्यातील ग्लुटामिक आम्लाच्या ठरावीक रेणूंवर एक जादा कार्बोक्सिल गट बसवला जातो. प्रोथ्रोम्बिनमध्ये अशा दहा जागा आहेत. या गटांमुळेच फॅक्टर कॅल्शियम धरू शकतो, आणि कॅल्शियममुळेच तो प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसू शकतो. हा गट बसवण्यासाठी जीवनसत्त्व के लागते. एकदा वापरले गेले की ते निकामी अवस्थेत जाते आणि एक विशिष्ट विकर त्याला पुन्हा कामाजोगे करते. वॉरफेरिन आणि आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे ॲसेनोकुमारॉल, म्हणजे पुष्कळांच्या ओळखीची ॲसिट्रॉम ही गोळी, त्या विकरालाच अडवते. यकृत फॅक्टर बनवत राहते, रक्तात ते फिरतही राहतात, पण त्यांना बसायला जागा धरता येत नाही. प्रोथ्रोम्बिनमधील हा बदल १९७४ मध्ये उघडकीस आला. गोळी मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९५० च्या दशकापासून, माणसांना दिली जात होती.

यातून निघणारी गोष्ट अशी की, गोळी रक्तात आधीच असलेल्या सक्षम फॅक्टरांना हात लावत नाही. ते आपापल्या आयुष्यानुसार संपत जातात. सातव्या फॅक्टरचे अर्धायुष्य जेमतेम ६ तासांचे आहे, नवव्याचे सुमारे २४ तासांचे, दहाव्याचे त्याहून अधिक, आणि प्रोथ्रोम्बिनचे ६० ते ७२ तासांचे. म्हणून गोळी सुरू केल्यावर दीड-दोन दिवसांत आकडा वर सरकतो तो मुख्यतः सातवा फॅक्टर घटल्यामुळे. प्रोथ्रोम्बिन अजून भरपूर असते आणि गुठळीपासून खरे संरक्षण मिळालेले नसते. त्यातच गोठणे रोखणारे प्रथिन सी हेसुद्धा जीवनसत्त्व के वर अवलंबून असते, त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ तासांचे असते आणि तेही लवकर घटते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस हेपॅरिन या, गोठणे लगेच रोखणाऱ्या औषधाचे इंजेक्शन सोबत चालू ठेवतात. रुग्णालयात आकडा मर्यादेत आला असूनही इंजेक्शन का थांबवत नाहीत, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो, त्याचे उत्तर येथे आहे.

घरी वापरतानाही हेच लागू पडते. आज सकाळी दिसणारा आकडा काल आणि परवा घेतलेल्या गोळ्यांचा, त्या दिवसांतील जेवणाचा आणि औषधांचा एकत्रित परिणाम असतो. आज मात्रा बदलली तर तिचा पुरता परिणाम उद्या दिसणार नाही. यंत्र हाताशी असल्यामुळे रोज मोजण्याचा आणि रोज गोळीत फेरफार करण्याचा मोह होतो. तसे केल्यास आकडा स्थिर होण्याऐवजी वरखाली हेलकावे खात राहतो. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी प्रकृती स्थिर असताना किती दिवसांनी मोजायचे आणि कोणत्या आकड्याला काय करायचे हे लिहून दिले आहे, आणि तो कागद यंत्राच्या पिशवीतच ठेवलेला असतो. मायट्रल जागेवरील यांत्रिक झडपेसाठी साधारण २.५ ते ३.५ आणि महाधमनीच्या जागेवरील झडपेसाठी साधारण २ ते ३ अशी मर्यादा ठेवतात. प्रत्येकाची स्वतःची मर्यादा मात्र त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची असते.

अचूकतेविषयी विचारणा सर्वांत जास्त होते. पीटीची, म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइमची, चाचणी १९३५ मध्ये आर्मंड क्विक यांनी दिली, पण प्रत्येक प्रयोगशाळेचे थ्रोम्बोप्लास्टिन वेगळे असल्यामुळे एकाच रक्ताचे निकाल गावोगावी वेगळे येत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरची पद्धत स्वीकारली ती हा घोळ मिटवण्यासाठी. तरीही दोन पद्धतींचे आकडे दशांशापर्यंत जुळतील अशी अपेक्षा धरू नये. घरगुती यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात २ ते ४.५ या टप्प्यात ३० टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. आमच्या घरी शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या अहवालाशी वेळोवेळी ताडून पाहिले असता मर्यादेच्या आसपासचे आकडे एकमेकांच्या जवळ आले, आणि डॉक्टरांचा निर्णय बदलावा एवढा फरक त्यांत पडला नाही. आकडा जसजसा वर जातो तसतसा फरक वाढतो. यंत्र ०.८ ते ८ इतके दाखवत असले, तरी ४.५ च्या पुढचा आकडा दिसला तर त्याची प्रयोगशाळेत खात्री करून घेणे हेच शहाणपणाचे.

या संदर्भात एक सार्वजनिक घटना ग्राहकांना माहीत असायला हवी. पट्ट्यांचे प्रमाणीकरण नव्या संदर्भ पदार्थावर केल्यानंतर काही पट्ट्या वरच्या टप्प्यात वास्तवापेक्षा जास्त आकडा दाखवू लागल्या, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्या परत घेण्याच्या कारवाईला सर्वांत गंभीर वर्गात टाकले. दोष पट्टीच्या प्रमाणीकरणात होता आणि तो दुरुस्त केला गेला. तरीही नव्या लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेल्या पट्ट्यांच्या गटाची, पहिली पट्टी वापरताना त्याच सुमारास प्रयोगशाळेची एक तपासणी करून घेण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे, आणि ती मी प्रत्येकाला सुचवीन.

हाताळणीत यंत्र सोपे आहे, पण त्याला शिस्त लागते. रक्त केवळ ८ मायक्रोलिटर पुरते. मात्र बोट टोचल्यापासून १५ सेकंदांच्या आत ते पट्टीला लागले पाहिजे, कारण टिश्यू फॅक्टर उघडा पडताच बोटाच्या टोकावरही गोठणे सुरू झालेले असते. याच कारणाने थेंब अपुरा पडला म्हणून वरून दुसरा थेंब घालायचा नसतो. नवी पट्टी घेऊन दुसऱ्या बोटातून पुन्हा करावे लागते. बोट दाबून पिळले तर पेशींच्या मधल्या जागेतला द्रव रक्तात मिसळतो आणि निकाल बिघडतो. थंडीच्या दिवसांत आईचे हात गार पडतात, तेव्हा कोमट पाण्याने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून आणि थोडा वेळ खाली सोडून मगच टोचतो. यंत्र सपाट व स्थिर जागी ठेवावे लागते. प्रत्येक लॉटच्या डबीसोबत एक कोडचिप येते, ती बदलायची असते. पट्टी उष्णतेने किंवा दमटपणाने खराब झाली असेल तर आतली गुणवत्ता-तपासणी ते ओळखते आणि यंत्र आकड्याऐवजी त्रुटी दाखवते. ही सोय मला यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटते, कारण चुकीचा आकडा मिळण्यापेक्षा आकडाच न मिळणे केव्हाही बरे.

पट्ट्या २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या आहेत, आणि येथे आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये घरातले तापमान सहज ३० च्या वर जाते, त्यामुळे डबी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. घरपोच मागवलेल्या पट्ट्या वाटेत किती तापल्या हे कळण्याचा मार्ग ग्राहकाला नसतो. उन्हाळ्यात मागवण्याऐवजी शीतसाखळी सांभाळणाऱ्या ओळखीच्या औषध दुकानातून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. यंत्र चालवण्याची खोलीही १८ ते ३२ अंशांच्या दरम्यान असावी लागते, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटेच मोजतो.

खर्च हा या यंत्राचा खरा अडसर आहे. यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, परंतु पट्ट्या सतत लागतात, आणि एका पट्टीचा खर्च आमच्याकडच्या प्रयोगशाळेतील तपासणीपेक्षा कमी पडत नाही. प्रयोगशाळा पायी जाण्याच्या अंतरावर असेल, निकाल त्याच दिवशी मिळत असेल आणि आकडा महिनोन्महिने स्थिर असेल, तर हे यंत्र घेण्याची निकड नाही. जेथे तपासणीसाठी तालुक्याला जाऊन यायला दिवस मोडतो, जेथे नमुना शहरात पाठवतात आणि निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, तेथे हिशेब बदलतो. सहा तासांत निम्म्यावर येणाऱ्या सातव्या फॅक्टरवर हलणारा आकडा तीन दिवसांनी हाती आला तर त्यावर निर्णय घेणे म्हणजे शिळ्या माहितीवर औषध देणे होय.

उपलब्ध अभ्यासही असेच संमिश्र चित्र दाखवतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत घरी दर आठवड्याला मोजणारे आणि दवाखान्यात महिन्याला उत्तम देखरेखीखाली मोजणारे यांच्यात पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा मृत्यू यांबाबत ठळक फरक आढळला नाही. अनेक चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये केलेल्या विश्लेषणात मात्र स्वतः मोजणाऱ्यांमध्ये गुठळीच्या घटना जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या, आणि ५५ वर्षांखालील व यांत्रिक झडप असलेल्या रुग्णांना सर्वाधिक लाभ दिसला. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र घटले नाही. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाती तापामुळे झडप खराब होऊन तरुण वयात यांत्रिक झडप बसवावी लागलेले रुग्ण पुष्कळ आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली आणि १९९० मध्ये प्रथम बसवलेली देशी झडप अशाच रुग्णांना परवडावी म्हणून घडवली गेली. झडप देशात बनते तशी पट्टीही देशात स्वस्तात बनावी, असे हे यंत्र वापरताना वारंवार वाटते.

नव्या गोळ्या आल्या असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. डॅबिगाट्रान थेट थ्रोम्बिनला, तर रिव्हारोक्साबान आणि अपिक्साबान सक्रिय दहाव्या फॅक्टरला अडवतात, आणि त्यांना आयएनआर लागत नाही. पण यांत्रिक झडपांवर डॅबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. पुढे अपिक्साबानची चाचणीही मुदतीआधी बंद झाली. यांत्रिक झडप असलेल्यांसाठी जीवनसत्त्व के अडवणारी जुनी गोळीच आजही आधार आहे. उलट, जे या नव्या गोळ्या घेतात त्यांनी हे यंत्र घेऊ नये, कारण त्यावरचा आकडा त्यांच्या गोळीचा परिणाम सांगत नाही. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, म्हणजे शरीराच्याच मेदघटकांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, असलेल्या रुग्णांमध्ये पट्टीतील रसायनांशी त्या प्रतिपिंडांचा संयोग होऊन आकडा खोटाच वाढू शकतो, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतच जावे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा, २५ ते ५५ टक्क्यांच्या बाहेर असेल, उदाहरणार्थ रक्तक्षय तीव्र असेल, तरीही निकाल ग्राह्य धरता येत नाही. यंत्र घेण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

आमच्या घराला यंत्राचा सर्वाधिक उपयोग झाला तो आहार आणि आजारपणाच्या काळात. पालक, कोथिंबीर, माठ यांसारख्या हिरव्या पालेभाज्यांत जीवनसत्त्व के भरपूर असते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक भरते, तर कोबीत त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ ठिकाणी पालेभाजी कायमची बंद केली जाते, आणि हे दुःखाचे आहे, कारण भाजी बंद करण्याची गरज नसते. दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खाल्ली की गोळीची मात्रा त्यानुसार बसते. श्रावणात अळूची पातळभाजी आणि रानभाज्या वाढतात, उपवासाच्या दिवसांत अजिबात होत नाहीत, आणि आकडा त्याप्रमाणे हलताना आम्ही पाहिला आहे. औषधांचा परिणाम याहून मोठा असतो. जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल आणि बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल आकडा वेगाने वर नेतात, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन तो इतका खाली आणते की मात्रा बरीच वाढवावी लागते, आणि ते बंद झाल्यावर तितक्याच काळजीने उतरवावी लागते. अशा वेळी जवळजवळच्या दिवसांनी मोजून आकडे डॉक्टरांना कळवता येणे, हीच या यंत्राची किंमत वसूल होण्याची जागा आहे.

यांत्रिक झडप असलेले, प्रयोगशाळेपासून दूर राहणारे, वारंवार अन्य औषधे घ्यावी लागणारे किंवा शिरेतून रक्त काढणे अवघड झालेले रुग्ण यांनी, फोनवर मात्रा सांगायला तयार असलेले डॉक्टर मिळाल्यास, हे यंत्र जरूर घ्यावे. घेताना पट्ट्यांच्या डबीवरची मुदत पाहावी, २४ पट्ट्या मुदतीपूर्वी संपतील का याचा हिशेब करावा, आणि आपल्या दुकानदाराकडे त्या नियमित मिळतील याची खात्री झाल्यावरच यंत्राचे पैसे भरावेत.